हात लावू नको, बिघडेल!

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांबरोबर गावनकाशा काढायला बसलो होतो. देवळापुढचं अंगण सकाळीच सारवून घेतलं होतं. रांगोळीनं रस्ते काढले, घरांच्या जागी खडे मांडले, नळ दाखवायला तुरीचे दाणे ठेवले, ओढ्यासाठी एका जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी अंथरली. गावनकाशाची ही रीत आपल्या गटांना नवी नाही. त्या दिवशीचा प्रश्न होता बायकांच्या शौचालयाचा. त्यासाठी सुचवलेली जागा होती रस्त्याच्या तोंडाशी, पानटपरीला लागून. एका आजींनी हातातली बांगडी काढली, टपरीशेजारी ठेवली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "हितं कोन जाईल माय? समदे गडी तर हितंच बसतेत." त्यांनी बांगडी उचलून शाळेच्या मागे ठेवली. दुसरी म्हणाली, तिथं रात्री मिट्ट काळोख असतो. तिसरीनं सांगितलं, तिथून हापसा लांब पडतो, मग पाणी कोण वाहणार? बांगडी पाच जागा फिरली. दोन तास वाद झाला, हसणं झालं, एक छोटंसं भांडणही झालं. शेवटी बांगडी एका जागी ठरली. ग्रामसभेत तोंडाला पदर लावून मागे बसणाऱ्या बायकांनी गावाचा आराखडा केला होता.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. कामाला कॉम्प्युटरवरचं चित्र हवं होतं म्हणून एका होतकरू तरुणानं आमचा नकाशा लॅपटॉपवर उतरवला. चित्र मोठं देखणं झालं. घरं उभी, झाडं हिरवी, बटण दाबलं की आपण गल्लीतून चालत निघाल्यासारखं वाटायचं. बायका हरखून गेल्या. आजींनी मात्र लगेच ओळखलं की शौचालय पुन्हा टपरीपाशी येऊन बसलंय. त्या म्हणाल्या, "बाळा, ते जरा तिकडं सरकव." तो म्हणाला, "आजी, ते असं सरकत नसतं. त्याला प्रोग्रामिंग लागतं." आजींनी पडद्यावर बोट ठेवलं मात्र, त्यानं लॅपटॉप झटकन मागे ओढला. "हात लावू नका, बिघडेल!"

आजी म्हणाल्या, "काहून? माही बांगडी तर सरकली."

या अंकाचं संपादकीय त्या एका प्रश्नावर लिहावं असं आम्हाला वाटलं.

तो मुलगा वाईट नव्हता. त्यानं आमच्याकडून पैसेही घेतले नाहीत. पण त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य आपण सगळ्यांनी जन्मभर ऐकलं आहे. रेडिओला हात लावू नको, बिघडेल. मोटारीच्या स्टार्टरला, ट्रॅक्टरला, मोबाइलला, हात लावू नको, बिघडेल. जातं, चूल, शेण, खुरपं यांना मात्र हात लावायला कुणाची ना नसते. एखादी वस्तू यंत्र झाली, तिला किंमत आली, की बाईचा हात तिच्यापासून दूर केला जातो. मग काही वर्षांनी तीच माणसं सांगतात की बायकांना यंत्रातलं काही कळत नाही. हात लावू दिला नाही तर कळणार कसं?

तुमच्यापैकी कुणी विचारेल, आपल्या जिल्ह्यात प्रश्न काय कमी आहेत? हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला, पण पाणी, मजुरी, दारू, हुंडा हे सगळं आपल्याबरोबर आलंच. अशा ठिकाणी कॉम्प्युटरातल्या खोट्या खोट्या जगाची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. पण एक पाहा. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा कॉम्प्युटरवरून मिळू लागला. घरकुलाचा हप्ता निघण्यासाठी बांधकामाचा फोटो जागेच्या खुणेसह चढवावा लागतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन उडवून घरांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि त्यावरून मिळकत पत्रिका तयार झाल्या. म्हणजे आपल्या गावाची एक सावली कॉम्प्युटरात तयार झाली आहे आणि कित्येकदा त्या सावलीवरूनच खऱ्या गावाचा निर्णय होतो. सावलीतली भिंत कोण हलवू शकतं, हा प्रश्न मग खोट्या जगाचा राहत नाही.

आता थोडं त्या जगाविषयी. त्याला आभासी जग म्हणतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, किंवा डोळ्यांवर चढवलेल्या चष्म्यातून, घर, रस्ता, खुर्ची, माणूस दिसतं. तिथं वस्तू उचलता येते, वळवता येते, मोठी-लहान करता येते. पण ती हलवायची कशी? पूर्वी त्याला एकच वाट होती. कॉम्प्युटरला त्याच्याच सांकेतिक भाषेत हुकूम लिहून द्यायचा. ती भाषा येणारे थोडे, आणि त्या थोड्यांत बायका त्याहून थोड्या.

ही भिंत पाडायचे प्रयत्न बरेच जुने आहेत, आणि त्यांत बायकांचा हात मोठा आहे. 1967 साली अमेरिकेत लहान मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा तयार झाली. ती करणाऱ्या तिघांमध्ये सिमोर पॅपर्ट आणि वॉली फोइर्झाइग यांच्याबरोबर सिंथिया सॉलोमन ही बाई होती. पुढे या भाषेत एक कासव आलं. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' असं सांगितलं की ते चालायचं आणि मागे रेघ उमटायची. चुकलं तर कुणी रागवायचं नाही. कासव भलतीकडे गेलेलं दिसायचं, मूल हसायचं आणि पुन्हा सांगायचं. 2007 साली एमआयटी या संस्थेतून 'स्क्रॅच' आलं. त्यात हुकूम लिहावे लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. न जुळणारा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे एखादं चिन्ह राहिलं म्हणून सगळं कोसळलं असं होत नाही. आज ते सत्तरहून जास्त भाषांमध्ये वापरता येतं.

आपल्या दृष्टीनं सगळ्यांत बोलका अनुभव 'ॲलिस' या साधनाचा आहे. रँडी पॉश या प्राध्यापकांच्या गटानं 1990 च्या दशकात ते तयार केलं, आधी व्हर्जिनिया विद्यापीठात आणि नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आभासी जगातल्या वस्तू हलवता याव्यात, हा हेतू होता. त्यांनी विद्यार्थ्यांना शेजारी बसवून काम करायला लावलं आणि कुठे अडतात ते पाहिलं. तेव्हा कळलं की अडसर बुद्धीचा नव्हता, शब्दांचा होता. एक्स, वाय, झेड अशा अक्षांवर वस्तू सरकवा म्हटलं की माणसं गोंधळायची. तिथं 'पुढे', 'मागे', 'डावीकडे', 'वर' हे शब्द घातले आणि काम सोपं झालं. वस्तू तीच, गणित तेच, फक्त बोलणं माणसाचं झालं.

पुढे कार्नेगी मेलनमध्येच कॅटलिन केलहर या तरुण संशोधक बाईनं आणखी एक पाऊल टाकलं. तिला शाळकरी मुलींसाठी साधन करायचं होतं. मुलींना गोष्टी सांगायला आवडतं हे तिनं पाहिलं. जुन्या ॲलिसमधल्या पात्रांना 'सरक', 'वळ' एवढंच कळायचं. तिनं त्यांना 'बोल', 'विचार कर', 'त्याच्याकडे चालत जा', 'खाली बस', 'स्पर्श कर' ही क्रियापदं शिकवली. 2006 साली तिनं आपले निष्कर्ष मांडले. गोष्टीचं ॲलिस वापरणाऱ्या मुलींनी साध्या ॲलिसच्या मुलींपेक्षा प्रोग्राम रचण्यात 42 टक्के जास्त वेळ घालवला. नेमून दिलेली वेळ संपल्यावरही चोरून काम करत बसणाऱ्या मुली साध्या ॲलिसमध्ये 16 टक्के होत्या, गोष्टीच्या ॲलिसमध्ये 51 टक्के. मुलींचा ओढा नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. दार त्यांच्या उंचीचं केलं आणि मुली आत शिरल्या, एवढंच घडलं.

इथपर्यंत सगळं छान. साधन सोपं करा, बायकांच्या हाती द्या, झालं. पण मैत्रिणींनो, इथं थांबलो तर आपण अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. उरलेली अर्धी फार कडू आहे.

1990 साली पॅव्हेल कर्टिस नावाच्या संशोधकानं 'लॅम्डामू' हे आभासी जग सुरू केलं. त्यात चित्रं नव्हती, सगळं शब्दांतच चालायचं. तुम्ही टाइप करायचं, "दिवाणखान्यात जाते", की खोलीचं वर्णन पडद्यावर यायचं. देशोदेशींची माणसं एकाच वेळी तिथं असायची, आणि कुणालाही नव्या वस्तू, नव्या खोल्या घडवता यायच्या. प्रत्येक वस्तूला मालक असायचा, त्याची नोंद असायची. 1993 च्या मार्चमध्ये तिथं एकानं 'जादूची बाहुली' नावाची एक वस्तू वापरली. या बाहुलीची करामत अशी की तिच्यामार्फत दुसऱ्याच्या नावावर कृती लिहिता येत. त्यानं भर दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, काही स्त्रीपात्रांकडून अत्यंत घाणेरड्या आणि हिंसक गोष्टी 'करवून' घेतल्या. त्या पात्रांमागच्या खऱ्या बाया आपापल्या घरी बसून हे वाचत होत्या आणि काही करू शकत नव्हत्या. त्यांच्या नावानं दुसराच लिहीत होता. ज्यूलियन डिबेल या पत्रकारानं त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये हे सविस्तर लिहिलं, आणि जगभर चर्चा झाली.

त्या वेळी काय सल्ले दिले गेले पाहा. तिथं एक हुकूम होता, तो दिला की त्या माणसाचं लिहिणं तुम्हाला दिसायचं बंद व्हायचं. बाकी सगळ्यांना मात्र दिसत राहायचं. "तू लक्षच देऊ नकोस" हा सल्ला आपल्याला किती ओळखीचा आहे! एस.टी. स्टँडवर, कॉलेजच्या फाटकाशी, शेताच्या बांधावर हाच मिळतो. त्या बायांनी तो मानला नाही. त्यांनी सगळ्यांची सभा बोलवायला लावली. त्या माणसाला काढून टाकण्याची ताकद तिथल्या मोजक्या कारभाऱ्यांकडेच होती. त्यांच्यापैकी एकानं शेवटी त्याला हाकललं. पुढे रहिवाशांना अर्ज करून मतदान घेता येईल, अशी व्यवस्था कर्टिस यांनी केली. चळवळीतून नियम कसे जन्मतात, त्याचं हे आभासी उदाहरण.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. 2016 साली अमेरिकेत एक बाई चष्मा चढवून धनुष्यबाणाचा खेळ खेळत होती. तिथं एका अनोळखी खेळाडूनं तिच्या आभासी शरीराशी अंगचटीला जाण्याचा प्रकार केला. तिनं ते लिहिलं तेव्हा तो खेळ बनवणाऱ्या दोघांनी चूक मान्य केली आणि एक खूण तयार केली. दोन्ही हात जवळ आणून झटकन फाकवले की भोवती कडं तयार होतं आणि समोरचा माणूस दूर फेकला जातो. ना सांकेतिक भाषा, ना तक्रारीचा फॉर्म, फक्त हाताची खूण. 2021 च्या अखेरीला 'मेटा' कंपनीच्या 'होरायझन वर्ल्ड्‌स' या आभासी जगात अशीच तक्रार आली. सुरक्षेची सोय होती, बाईंनी ती वापरली नाही, असं कंपनीकडून आधी ऐकू आलं. 2022 च्या फेब्रुवारीत मात्र सगळ्यांच्या भोवती सुमारे चार फुटांचं अंतर आपोआप राखलं जाईल असा बदल कंपनीनं केला. दोन घटनांमधला फरक लक्षात घ्या. सोय कुठेतरी कपाटात ठेवलेली असणं आणि ती बाईच्या हाताशी असणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्या गावच्या दक्षता समितीबद्दलही आपण हेच म्हणत आलो.

आणि हे लोण चष्मा घालणाऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. साधन सोपं झालं ते सगळ्यांसाठीच. मुलीचा लग्नातला फोटो उचलून तिचा चेहरा भलत्याच शरीरावर बसवायला पूर्वी कसब लागायचं, आता मोबाइल पुरतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एका नामवंत अभिनेत्रीचा असा खोटा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हा सगळे जागे झाले. गावातल्या मुलीचा फिरतो तेव्हा तिची शाळा सुटते आणि घाईनं लग्न लावलं जातं. त्याची बातमी होत नाही. ती मुलगी तुमच्याकडे आली तर आधी तिला सांगा की तिची काही चूक नाही. मजकूर पुसण्याआधी त्याची नोंद ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 66-ई आणि 67 अशा प्रसंगी लावता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि बालकांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात.

आता दोन्ही अर्ध्या गोष्टी शेजारी ठेवून पाहू. एकीकडे वस्तूला हात लावण्याचा हक्क, दुसरीकडे आपल्याला कुणी हात लावू नये हा हक्क. आपल्याकडे या दोन्हींची नेहमी उलटापालट होते. बाईनं यंत्राला हात लावला की ओरडा होतो आणि बाईला कुणी हात लावला की गप्प बस म्हणतात. आभासी जगातही तोच संसार पुन्हा मांडला जातो आहे. म्हणून "साधन सोपं करा" एवढी एकच मागणी पुरणार नाही. नुसतं सोपं केलेलं साधन जसं बाईला उपयोगी पडेल तसंच तिच्यावर डोळा ठेवणाऱ्यालाही. प्रत्येक ठिकाणी आणखी एक विचारलं पाहिजे. ही वस्तू कुणाचं ऐकते? तिच्यावर नाव कुणाचं आहे?

नावाचं महत्त्व मराठवाड्यातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पेरणी तिची, खुरपणी तिची, कापूस वेचणं तिचं, हळदीचे कंद मोडणं तिचं, आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं. 1989 नंतर शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, तेव्हा आपल्या नावावर जमीन झाल्यावर बायकांच्या चालण्या-बोलण्यात काय फरक पडला ते जुन्या कार्यकर्त्यांनी पाहिलं आहे. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर तिची सही आजही घेतली जाते. कॉम्प्युटरच्या जगातही बाई 'वापरणारी' असते, 'मालकीण' नसते. 2001 पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी कॉम्प्युटर शिकून घेतला. त्यात आपल्या कितीतरी मुली आहेत आणि त्यामुळे अनेकींची भीती मोडली, हे मोठंच काम झालं. पण दुसऱ्यानं केलेला फॉर्म नीट भरणं आणि फॉर्मच बदलणं, यांतला फरक आपण त्यांना दाखवायचा राहिला.

फॉर्म बदलण्याचा हक्क बाईला मिळाला की काय होतं, याचा दाखला आपल्या मराठवाड्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. त्यातल्या कित्येक वसाहती कागदावर सरळ रेघा मारून आखल्या होत्या. ओसरी नाही, अंगणाचा आडोसा नाही, शेजार लांब. उरलेल्या शेकडो गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. त्यांनी बांधकामाची माहिती शिकून घेतली, ती घराघरांत नेली, काम नीट होतंय की नाही यावर नजर ठेवली. इंजिनिअरची भाषा त्यांना आली ती कुणी शेजारी बसून सांगितल्यामुळे. त्या वेळी एखादं असं चित्र असतं की ज्यात बाईला स्वतः बोटानं भिंत सरकवून पाहता आली असती, तर चूलघराला खिडकी कुठे हवी हे सांगायला घर बांधून होईपर्यंत थांबावं लागलं नसतं.

असं चित्र आता शक्य आहे. 2012 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या 'यूएन-हॅबिटॅट' संस्थेनं 'माइनक्राफ्ट' हा मुलांचा खेळ बनवणाऱ्या कंपनीबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचा उपक्रम सुरू केला. या खेळात एकेक मीटरचे ठोकळे रचून काहीही उभं करता येतं. नैरोबीच्या किबेरा वस्तीत लोकांनी आपल्या मैदानाचा आराखडा असा ठोकळ्यांनी केला. व्हिएतनाममध्ये हनोईच्या किम चुंग भागात शाळकरी मुलींनी आपल्या वाटा पडद्यावर बांधल्या, भीती कुठे वाटते ते दाखवलं आणि दिवा कुठे हवा ते ठोकळा ठेवून सांगितलं. त्या मुली प्रोग्रामर नव्हत्या. पण आपली वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? आपल्या आजींची बांगडी ती हीच, फक्त पडद्यावरची.

अलीकडे तर टाइप न करता नुसतं बोलून वस्तू घडवणारी यंत्रंही आली आहेत. "एक खोली कर, दोन खिडक्या दे" म्हटलं की खोली हजर. अक्षरओळख नसलेल्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट ठरू शकते. पण सावध राहू या. मागितलेलं आयतं मिळालं आणि त्यातलं काही बदलायचं तर पुन्हा यंत्राच्याच मर्जीवर राहावं लागलं, तर तो कारभाऱ्यांचाच नवा अवतार झाला.

मग आपण मागायचं काय? आधी आपली भाषा. 'सरकव', 'उचल', 'फिरव', 'उगवतीकडं', 'मावळतीकडं' हे शब्द ज्या साधनाला कळतात ते साधन आपलं. मग मागे घेण्याची सोय. ठेवलेलं उचलता आलं पाहिजे, मोडलेलं पुन्हा उभं करता आलं पाहिजे. जिला आयुष्यात एकदाही चुकायची मुभा मिळाली नाही, तिला ही सोय म्हणजे केवढा दिलासा! साधन साध्या मोबाइलवर चाललं पाहिजे आणि वीज गेली तरी केलेलं काम राहिलं पाहिजे. ज्या बायकांनी आराखडा केला त्यांची नावं त्यावर असली पाहिजेत, आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यातलं काही हलवलं तर कुणी हलवलं ते दिसलं पाहिजे. आपला फोटो, आपला आवाज, आपलं आभासी शरीर यांच्या बाबतीत तर "नाही" म्हणायचं बटण सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत जवळ हवं.

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायची गरज नाही. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. पंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. ज्या सरपंचबाईंची सही आराखड्यावर लागते, त्यांना तो आराखडा हलवून पाहता आला पाहिजे, ही मागणी आपण त्या सभेतच मांडू शकतो. पडद्यावर दाखवण्याआधी अंगणात रांगोळीनं मांडा, आणि अंगणात ठरलं तेच पडद्यावर आहे की नाही ते बायकांनाच तपासू द्या. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा मंजूर झाली आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून प्रकाश सोडून अवकाशातल्या लहरी टिपणारं हे यंत्र. सगळं जग तिकडे पाहील. तेव्हा आपल्या कळमनुरी-वसमतच्या मुलींनी कुंपणाबाहेर उभं राहून पाहायचं, की शाळेतल्या पडद्यावर त्या यंत्राचा आरसा स्वतःच्या हातानं वळवून, प्रकाश कुठे जातो ते शोधायचं? ठरवायची वेळ आत्ताची आहे.

ते शौचालय अजून बांधून झालेलं नाही. पण आम्ही त्या गावात पुन्हा गेलो तेव्हा त्या तरुणालाही बरोबर नेलं. त्यानं लॅपटॉप सतरंजीवर मधोमध ठेवला. या वेळी त्यानं ठोकळ्यांचा नकाशा करून आणला होता. आजी आधी हात मागेच ठेवून बसल्या. मग नववीतल्या नातीनं त्यांचं बोट धरून ठोकळ्यावर ठेवलं. ठोकळा सरकला तो भलतीकडेच, थेट ओढ्यात जाऊन पडला. सगळ्या खो खो हसल्या. आजी दचकून म्हणाल्या, "बिघडलं का गं?" नात म्हणाली, "काही नाही बिघडत. उचल आणि पुन्हा ठेव."

तुमच्या गावात, तुमच्या गटात कुणी कुणाला कशाला हात लावू दिला नाही, आणि कुणी तो तरीही कसा लावला, ते आम्हाला कळवा. पत्र लांबलचक नसलं तरी चालेल. पुढच्या अंकातली काही पानं आम्ही तुमच्यासाठी राखून ठेवत आहोत.

— संपादक मंडळ